अडगळीतल्या कॉम्प्युटरची दुसरी पाळी

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि इथल्या गावोगावी कॉम्प्युटर पोहोचला तो त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. 2001 मध्ये एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा आली आणि तिचे वर्ग निघाले. मग शाळांमध्ये आयसीटीच्या प्रयोगशाळा आल्या, ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ या संगणकीकरण योजनेची मशिने आली, शहादा-तळोद्याच्या बाजारात झेरॉक्सवाल्यांनी फॉर्म भरायला कॉम्प्युटर घेतले. त्या काळातले कितीतरी डबे आजही शाळेच्या कपाटामागे नाहीतर दुकानाच्या पोटमाळ्यावर आहेत. 512 एमबी रॅम, फार तर एक जीबी. आत विंडोज एक्सपी, किंवा कुणी हौसेने सेव्हन टाकून आणखी मंद केलेले. भंगारवाला ते किलोवर नेतो.

एक्सपीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला थांबवले, सेव्हनसाठी 14 जानेवारी 2020 ला. टेनची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. इलेव्हनला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते, म्हणजे या डब्यांना तो रस्ता बंदच. अशा वेळी कॉलेजात जाणारा एखादा भाचा म्हणतो, “लिनक्स टाका मामा, पळायला लागेल.” भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. लिनक्स फुकट मिळते, टाकता येते, मशीन चालूही लागते. पण ते कुठल्या कामासाठी पळवायचे हे आधी ठरले नाही, तर महिन्याभरात त्याची रवानगी पुन्हा पोटमाळ्यावर होते. माझे सांगणे एवढेच आहे की जुन्या मशीनला आधी एक काम नेमून द्या आणि मग लिनक्स निवडा. लोक नेमके उलटे करतात.

तसे पाहिले तर अपुऱ्या मेमरीची अडचण लिनक्सच्या जन्मापासूनचीच आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट 1991 मध्ये आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्याजवळ 386 प्रोसेसरचे, 4 एमबी रॅमचे मशीन होते. जीबी नव्हे, एमबी. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या एका माणसाने तक्रार केली की त्याच्याकडे 2 एमबीच रॅम आहे आणि तेवढ्यात लिनक्सवर काम होत नाही. टोरवाल्ड्सने नाताळच्या सुट्टीत बसून रॅम संपली की डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरायची सोय लिहिली. जानेवारी 1992 च्या 0.12 या आवृत्तीत ती आली आणि लिनक्स तेव्हाच्या मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुढे गेले ते मुख्यतः या एका गोष्टीमुळे. म्हणजे आज आपण ‘स्वॅप’ म्हणतो ती चीज एका गरीब मशीनसाठी लिहिली गेली होती.

स्वॅप म्हणजे काय हे नंदुरबारकराला समजवायला मिरचीची पथारी पुरेशी आहे. बाजार समितीतून लाल मिरची आली की ती मोकळ्या जागेवर पसरावी लागते. पोत्यात ठेवून ती वाळत नाही. रॅम ही पथारी आणि हार्ड डिस्क हे गोदाम. काम जे होते ते पथारीवरच. पथारी लहान आणि माल जास्त असला की थोडा माल उचलून गोदामात, तिथला थोडा बाहेर, अशी ने-आण सुरू होते. ही ने-आण म्हणजे स्वॅप. ती अधूनमधून होत असेल तर चालते. पण माल पथारीच्या दुप्पट-तिप्पट झाला की मजुरांचा सगळा दिवस पोती वाहण्यातच जातो आणि वाळत काहीच नाही. मशीन ‘हँग झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते हँग झालेले नसते, पोती वाहत असते. डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटलेला दिसला की तसे समजावे.

यावर 2014 पासून लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आणखी एक उपाय आहे, त्याचे नाव झेडरॅम. नको असलेला माल गोदामात पाठवण्याऐवजी पथारीच्याच एका कोपऱ्यात दाबून, आवळून ठेवायचा. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा हे कितीतरी पटींनी जलद असते. 512 एमबी किंवा एक जीबीच्या मशीनवर झेडरॅम चालू करणे हा मी सांगेन तो पहिला उपाय. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; त्यातल्या डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर त्यासाठी झेडरॅम-टूल्स नावाचे छोटे पॅकेज मिळते.

पण सॉफ्टवेअरच्या आधी डबा उघडा. धूळ झटका, पंखा फिरतो का पाहा, मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले नाहीत ना याची खात्री करा. रॅमची पट्टी काढून तिची पिवळी टोके खोडरबराने हलक्या हाताने पुसा. आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला हेच पहिले करतो आणि त्यात तथ्य आहे. रिकामा स्लॉट दिसला तर त्यात बसणारी जुनी पट्टी शोधा. 2003 च्या सुमाराच्या मशीनला डीडीआर, 2006 ते 2009 च्या मशीनला बहुधा डीडीआर-2 आणि त्यानंतरच्याला डीडीआर-3. या तिन्ही एकमेकींच्या जागी बसत नाहीत, तेव्हा पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा. रॅम 512 एमबीवरून 2 जीबीवर गेली तर जो फरक पडतो तो कोणत्याही लिनक्सने पडत नाही. मशीनला साटा जोडणी असेल तर 120 जीबीची साधी एसएसडी हा दुसरा चांगला खर्च. शाळेचे मशीन असेल तर डेड स्टॉक रजिस्टरचा विचार आधी करा; सुटे भाग बदलताना मुख्याध्यापकांची परवानगी आणि नोंद हवी, नाहीतर तपासणीच्या वेळी बिचाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात येते.

आणखी एक चिमुकली वस्तू मदरबोर्डवर असते, सीआर-2032 नावाची नाण्याएवढी बॅटरी. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशीनची ती संपलेली असते. मग प्रत्येक वेळी मशीन चालू केले की तारीख वीस वर्षे मागे जाते. याचा इंटरनेटशी काय संबंध, असे वाटेल. हल्लीच्या साइट्स आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात आणि त्याला मुदत असते. मशीनला वाटते आपण 2005 मध्ये आहोत, म्हणून ते प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेले नसते आणि प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणून अडते. लोक लिनक्सला शिव्या घालतात. दोष त्या घड्याळवाल्याकडे मिळणाऱ्या बॅटरीचा असतो.

आता प्रोसेसर 32-बिटचा की 64-बिटचा, हा प्रश्न. पूर्वी तो गौण होता, आता त्यावरच सगळे ठरते. 2006 पासूनचे कोअर टू ड्युओ 64-बिटचे आहेत. त्याआधीचे बरेचसे पेंटियम फोर आणि 2008 च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधले अ‍ॅटम एन-270 हे 32-बिटचे. अशा मशिनांच्या मागून एकेकाने अंग काढून घेतले आहे. गूगल क्रोमने 32-बिट लिनक्स 2016 मध्ये सोडले, फेडोरा आणि उबंटूने 2019 मध्ये. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. फायरफॉक्सची 144 ही 32-बिट लिनक्ससाठीची शेवटची नियमित आवृत्ती ठरली. तेव्हा 64-बिटचा प्रोसेसर असलेले मशीन आधी वाचवा, 32-बिटचे नंतर. एक खोच मात्र सांगून ठेवतो. 64-बिटची सिस्टिम तेवढ्याच कामाला जास्त मेमरी खाते, कारण तिच्या आतले पत्ते दुप्पट लांबीचे असतात. म्हणून 64-बिट प्रोसेसर आणि एक जीबी रॅम असलेल्या मशीनवर, इंटरनेट नको असेल तर, 32-बिट लिनक्स टाकणे आजही शहाणपणाचे ठरते.

कोणते लिनक्स? उबंटू नाव सर्वांना ठाऊक असते म्हणून तेच टाकले जाते आणि मशीन गुडघे टेकते. लिनक्स मिंटही 2 जीबीच्या खाली नको. 256 एमबी ते एक जीबी या पट्ट्यात माझे मत अँटीएक्सला आहे. मूळ ग्रीसमधले हे लिनक्स डेबियनवर आधारलेले असले तरी त्यातला जडपणा काढून टाकलेला आहे. भारी डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारखी साधी खिडकी-व्यवस्था असल्याने सगळे सुरू झाल्यावरही ते दीड-दोनशे एमबीच्या आसपासच राहते. डेबियन 12 वर आधारलेल्या अँटीएक्स 23 ची 32-बिट आवृत्ती आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी 2003 मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स हा दुसरा पर्याय. ते अख्खेच्या अख्खे रॅममध्ये चढते, त्यामुळे हार्ड डिस्क मेलेले मशीनही पेनड्राइव्हवर चालवता येते. आणि टायनी कोअर तर खिडक्या-चित्रांसकट पंचवीस एमबीच्या आसपासचे. पण ते हौशी मेकॅनिकसाठी आहे, शाळेसाठी नाही. काळाचा महिमा पाहायचा तर डॅम स्मॉल लिनक्सकडे पाहावे. वीस वर्षांपूर्वी ते 50 एमबीत बसत असे, 2024 मध्ये पुन्हा आले तेव्हा अख्खी 700 एमबीची सीडी भरून आले, आणि तरीही त्याला लहानच म्हणतात.

प्रत्यक्ष टाकणे हा यातला सर्वात सोपा भाग आहे. चांगल्या मशीनवर फाइल उतरवून घ्यायची, रुफस किंवा व्हेंटॉय वापरून पेनड्राइव्ह तयार करायचा, जुने मशीन चालू करताना एफ-12, एफ-2 किंवा डिलीट दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायला सांगायचे. फार जुनी मशिने पेनड्राइव्ह ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी डीव्हीडी करावी लागते, किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून तिथे लिनक्स टाकावे लागते. लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. पेनड्राइव्हवरूनच ते नुसते चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. आवाज येतो का, वाय-फाय दिसते का, पडदा नीट आहे का, हे तासभर पाहून घ्या. डिस्कवरचे फोटो, दाखले, जुनी पत्रे आधी दुसरीकडे उतरवा, कारण नंतर रडून उपयोग नसतो. जागा वाटताना एक-दोन जीबी स्वॅपला, उरलेली सगळी एक्सटी-4 पद्धतीच्या एकाच भागाला. एक्सटी-4 आपल्या कामाची डायरी ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर ती पुष्कळदा स्वतःच सावरते. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही बाब किरकोळ नाही.

मशीन सुरू झाले, सुरळीत चालते आहे, आणि मग कुणीतरी ब्राउझर उघडतो. इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. दोष लिनक्सचा नसतो. आजची वेबसाइट म्हणजे नुसते पान नसून एक चालता कार्यक्रम असतो. तो आपल्या मशीनवर येऊन आपल्याच रॅममध्ये पथारी मांडतो, सोबत जाहिरातींचे बिऱ्हाड घेऊन. ऑपरेटिंग सिस्टिम दीडशे एमबीत गप्प बसली असताना एक टॅब त्याच्या दुप्पट खाऊ शकतो. डिलो किंवा नेटसर्फसारखे हलके ब्राउझर आहेत, साधी पाने ते झटकन दाखवतात, पण शासकीय पोर्टल किंवा बँकेची साइट त्यांच्यात नीट उघडत नाही. तेव्हा एक जीबीच्या मशीनवर यूट्यूब आणि ऑनलाइन फॉर्म यांची अपेक्षा ठेवू नका. दोन जीबी आणि जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन असेल तर एक-दोन टॅबपुरते जमते.

सेवा केंद्राच्या कामाबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज त्याच जिल्ह्यात आधारशी जुळणाऱ्या बोटाच्या ठशाशिवाय फारसे काही हलत नाही, आणि ठसे घेणाऱ्या यंत्रांसोबतची ‘आरडी सर्व्हिस’ ही सॉफ्टवेअर-प्रणाली प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनवलेली असते. प्रिंटरचीही तीच गत. आपल्याकडे दुकानोदुकानी असलेला कॅननचा एलबीपी-2900 लिनक्सवर चालवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. एचपीचा 1020 त्यामानाने गुणी, फक्त त्याला एचपीचे एक जादा प्लगइन द्यावे लागते. थोडक्यात, ज्या मशीनवर दुकानाचे पोट आहे त्यावर हा प्रयोग करू नका.

याचा अर्थ लिनक्स सरकारी कामाच्या लायकीचे नाही असा कुणी काढील, तर तो चूक. देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबंटू लिनक्सच स्वीकारले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या पुणे केंद्रात तयार झाली. नंदुरबारचे जिल्हा न्यायालय त्याच जाळ्यात आहे. म्हणजे तारखेला गेलेल्या पक्षकाराचे काम लिनक्सवरच चालते, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

मग जुन्या मशीनला नेमून देण्याजोगे काम कोणते? पहिले, मराठी टंकलेखन. अँटीएक्सवर आयबस आणि एम-17-एन ही पॅकेजे टाकली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. लोहित फाँटचे अक्षर वापरायला मोकळे आहे. मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे हे फाँट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. लिब्रेऑफिस एक जीबीवर चालते, उघडायला वेळ घेते इतकेच; 512 एमबीवर अ‍ॅबीवर्ड बरे. युनिकोडमध्ये टाइप केलेले अहिराणी, भिली, पावरी हे सगळे देवनागरीत तसेच्या तसे फोनवरही दिसते. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे 69 टक्के आहे. तिथल्या गोष्टी, गाणी, शब्दसंग्रह टाइप करून ठेवायला याहून मोठे मशीन लागत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली ग्रामपंचायतीची पत्रे मात्र इथे अगम्य अक्षरे होऊन दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील.

दुसरे काम त्याहून मोलाचे, इंटरनेटशिवायचे ग्रंथालय. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात असे पाडे आहेत जिथे मोबाइलची रेंज टेकडी चढल्यावर मिळते. किविक्स या मुक्त सॉफ्टवेअरने अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ती फाइल पेनड्राइव्हवर सहज मावते. ही पाने स्थिर असल्याने जुने मशीनही ती विनातक्रार दाखवते. सोबत लहान मुलांसाठी टक्स पेंट टाकावे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनातही दिले आहेत, तेही उतरवून ठेवावेत. आश्रमशाळेतल्या शिक्षकाला वेगळ्या प्रशिक्षणवर्गाची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रात शाळेत कमी रॅमच्या लिनक्स मशीनचा एक प्रयोग फार पूर्वी झालेला आहे. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा येथील शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ चळवळीचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती दिले गेले. त्यात 256 एमबी रॅम, एक जीबी फ्लॅश मेमरी आणि फेडोरावर बेतलेले लिनक्स होते. मुले त्यावर चित्रे काढत, लिहीत, फोटो घेत. मशीन अपुरे पडले नाही. जगभर ही चळवळ पुढे अडखळली ती मुख्यतः बिघडलेले यंत्र दुरुस्त कोण करणार आणि शिक्षकाला सोबत कोण देणार, या प्रश्नांवर.

म्हणून नंदुरबार-शहाद्याच्या महाविद्यालयांत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेतले एकच मशीन निवडा आणि त्यावर लिनक्स तुम्ही टाकू नका. पेनड्राइव्ह तुमचा असू द्या, कळा गुरुजींना किंवा बाईंना दाबायला लावा, आणि तो पेनड्राइव्ह शाळेतच ठेवून या. 256 एमबीपेक्षा कमी रॅमचे किंवा फुगलेल्या कपॅसिटरचे मशीन असेल तर त्यावर वेळ घालवू नका. त्याची हार्ड डिस्क काढून घ्या, रॅमची पट्टी दुसऱ्याला लावा आणि उरलेला डबा रीतसर निर्लेखन करून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे जाऊ द्या.